निळ्या अंड्यातून निघालेली तलंग तपकिरी अंडं का देते?

नाशिकच्या मखमलाबादमधल्या एका दादांचा प्रश्न आहे. थोडक्यात त्यांच्याच शब्दांत: "जानेवारीत ओळखीतून बारा निळी अंडी मागवली, दीडशे रुपयांना एक. उबवणीच्या मशीनमध्ये सात पिल्लं निघाली, चार नर, तीन माद्या. आता माद्या अंड्यावर आल्यात. एक हिरवट अंडं देते, बाकी दोघी सरळ फिकट तपकिरी. मला फसवलं का? माझ्याकडे चार आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड) कोंबड्या, तीन कडकनाथ (त्यात एक कोंबडा) आणि असीलची एक जोडी आहे. सगळे एकाच आवारात असतात. यातून निळी, हिरवी, काळी अशी रंगीत टोपली तयार करायची तर कोणाला कोणाशी लावू?"

दादा, फसवलं का याचं आधी सांगते, कारण सगळी मेख तिथंच आहे. बहुतेक नाही फसवलं. अंडी निळी होती, निळ्या कोंबडीचीच होती. पण तुम्ही पैसे मोजले ते कवच बघून, आणि कवच आईचं असतं.

अंड्याचं कवच कोंबडीच्या पोटात बनतं, तिच्याच शरीरातल्या मालातून आणि तिच्याच जनुकांच्या हुकमाने. आतल्या पिल्लाला त्यात बोलायची सोय नाही आणि त्याच्या बापाला तर नाहीच नाही. आर.आय.आर. कोंबडीला कुठलाही कोंबडा लावा, ती तपकिरीच अंडं देणार. बापाने काय दिलं ते कळतं त्याची लेक अंड्यावर आल्यावर, म्हणजे साडेपाच-सहा महिन्यांनी. माझ्या सासूबाईंनी जनुक हा शब्द जन्मात ऐकला नव्हता, पण बाजारात कोंबडा घ्यायला गेल्या की विकणाऱ्याला विचारायच्या, "याच्या बहिणी कुठं आहेत?" लोक हसायचे. मी त्यांच्याकडूनच शिकले.

आता तुमच्या तीन पोरींचा हिशेब. निळ्या कवचाचं जनुक जबर आहे, एक प्रत असली तरी पुरते. प्रत्येक पक्ष्यात दोन जागा असतात, एक आईकडून भरलेली, एक बापाकडून. दोन्ही जागी निळं असेल त्याला आम्ही घरात जोडाचा म्हणतो, एकाच जागी असेल तो एकट. तुमच्या दोघी तपकिरी देतात, म्हणजे त्यांच्या दोन्ही जागा साध्या. आईनेही साधं दिलं, बापानेही साधं दिलं. याचा अर्थ त्यांची निळं अंडं देणारी आई एकट होती आणि बाप जोडाचा नक्कीच नव्हता. बाप अगदी साधा असेल तर निम्म्या लेकी रंगीत येतात, तोही एकट असेल तर चारातल्या तीन. तुम्हाला तिनात एक मिळाली. वाईट नाही. विकणाऱ्याने "जोडाच्या कोंबड्याची अंडी" असं सांगून विकली असतील तर मात्र तो खोटं बोलला. दीडशे रुपये घेताना ते त्याला माहीत असायला हवं होतं.

बारावीच्या जीवशास्त्रात चौकोन काढून ही गणितं सोडवायला लावतात. तो चौकोन ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते केंब्रिजचे रेजिनाल्ड पनेट. निळं अंडं साध्यावर मात करतं हे त्यांनीच १९३३ मध्ये छापून मांडलं. त्यांच्याकडचा निळा वाण मूळचा दक्षिण अमेरिकेतला होता. चिलीतल्या मापुचे लोकांच्या कोंबड्या, त्यांच्या भागावरून अराउकाना नाव पडलेल्या. चीनमध्येही निळ्या अंड्यांच्या जुन्या गावठी जाती आहेत. २०१३ मध्ये उलगडा झाला की एका जुन्या विषाणूचा तुकडा कोंबडीच्या गुणसूत्रात शिरून बसल्याने हा रंग येतो, आणि गंमत म्हणजे चिलीच्या कोंबड्यांत आणि चीनच्या कोंबड्यांत तो वेगवेगळ्या वेळी शिरलेला आहे. आपल्याकडच्या असील, कडकनाथ किंवा गावठी कोंबडीत हे जनुक नाही. म्हणून तुमच्या आवारात निळ्याचं बी आहे ते फक्त त्या सात पिल्लांत.

तरी त्या दोघी साध्याच आहेत हे अंडं फोडून एकदा पक्कं करून घ्या. कोंबडीच्या अंड्याचे मूळ रंग दोनच, पांढरा आणि निळा. तपकिरी हा वरून दिलेला हात. अंडं पोटात साधारण चोवीस-पंचवीस तास असतं, त्यातले वीसेक तास कवच चढण्यातच जातात. निळा रंग कवच बनतानाच त्यात मुरत जातो. तपकिरी रंग शेवटच्या काही तासांत मुख्यतः बाहेरून बसतो, भिंतीला गिलाव्यानंतर रंग द्यावा तसा. निळ्यावर तपकिरी हात बसला की डोळ्याला हिरवं दिसतं. हात जाड असेल तर गडद ऑलिव्ह, पातळ असेल तर पोपटीसर.

सकाळी ऑम्लेट करताना बघा. अंडं फोडलं की कवचाच्या आत पांढरा पापुद्रा असतो. वाळला की तो सुटत नाही, म्हणून ओला असतानाच कडेला नख घालून सोलायचा, नळाखाली धरला तर अख्खा निघतो. मग कवच खिडकीकडे धरा. आर.आय.आर.चं आतून पांढरंशुभ्र दिसेल. हिरवट अंड्याचं आतून फिकट आकाशी, नव्या कोऱ्या पाटीवर निळा खडू फिरवून पुसल्यासारखं. दोघींच्या अंड्यांची तीन-तीन कवचं तपासा. आतून पांढरी निघाली तर विषय संपला, पुढे वयाने त्या निळ्यावर येणार नाहीत. आणि एखाद्या कवचात निळसर झाक सापडली तर माझा वरचा अर्धा हिशेब खोडा, ती पोरगी रंगीत आहे.

आता मला ज्यात खरा रस आहे ते म्हणजे तुमचे चार कोंबडे. कोंबडा अंडं देत नाही, त्यामुळे त्याच्या पोटात निळं आहे की नाही हे बघून कळत नाही असं सगळे म्हणतात. बरोबर आहे, पण एक चोरवाट आहे. निळ्याचं जनुक आणि वाटाणी तुऱ्याचं जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी-शेजारी बसतात. वाटाणी तुरा म्हणजे डोक्यावर उभी करवत नसून चपट्या, बुटक्या तीन ओळी, मधली जरा उंच. शेजारी असल्यामुळे ही दोन्ही पिढीतून पिढीत हातात हात घालून जातात. शंभरात तीन ते पाच वेळाच हात सुटतो.

म्हणून असं करा. हिरवं अंडं देणाऱ्या तलंगेचा तुरा बघा. तो वाटाणी असेल आणि तपकिरी देणाऱ्या दोघींचा उभा असेल, तर तुमच्या या घराण्यात तुरा हीच निळ्याची खूण आहे. मग चार भावांपैकी ज्याचा तुरा वाटाणी, तो जवळजवळ खात्रीने निळा, निदान एकट तरी. उभ्या तुऱ्याचे भाऊ साधे. एका पैशाचा खर्च नाही. तुरा नीट न ओळखता आला तर गळ्याखाली लोंबणारं लाल मांस बघा, वाटाणी तुऱ्याच्या कोंबड्याचं ते लहान असतं. उभ्या आणि वाटाणीच्या संकरात तुरा जरा ओबडधोबड, वाकडातिकडा येतो, त्याला घाबरू नका, तो वाटाणीच धरायचा.

ही खूण दोन ठिकाणी दगा देते. एक, तुमच्या हिरवीचा तुरा उभा असेल तर. क्रीम लेगबार नावाच्या जातीत निळं जनुक उभ्या तुऱ्याबरोबर बसवलेलं आहे, कदाचित तिचं रक्त आलं असेल. अशा वेळी तुरा विसरा. दोन, आणि हे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं, असील. असीलचा तुरा वाटाणी असतो पण त्याच्या शेजारी निळं नसतं. तुमच्या असील कोंबड्याचं रक्त या घराण्यात एकदा मिसळलं की वाटाणी तुरा निळ्याचा की असीलचा हे कोणाच्या बापाला सांगता येणार नाही. असील जोडी छान पक्षी आहे, रुबाबदार आहे, पण तिला वेगळ्या खुराड्यात ठेवा, अगदी आजच. तसाही तो झुंजीच्या जातीचा कोंबडा आणखी महिन्याभरात या चार पोरांना फाडून ठेवील.

आता जोड्या. वाटाणी तुऱ्याचा एक भाऊ निवडा, तब्येतीने चांगला, पाय सरळ असलेला. एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या पुरतात. त्याच्याखाली चारही आर.आय.आर. द्या. त्यांच्या निम्म्या लेकी हिरवी अंडी देतील. निम्म्याच, कारण कोंबडा एकट धरून चाललोय. पण आर.आय.आर.चा तुरा उभा असतो, त्यामुळे पिल्लू निघाल्यावर पहिल्या आठवड्यातच तुरा बघून छाटणी करता येते. वाटाणीवाली ठेवा, उभ्या तुऱ्याची गावात देऊन टाका. सहा महिने दाणा घालून मग तपकिरी अंडं बघायची वेळ येत नाही.

निळं, स्वच्छ निळं हवं असेल तर आर.आय.आर. चालणार नाही. पांढऱ्या अंड्याची कोंबडी लागते, म्हणजे व्हाइट लेगहॉर्नच्या रक्ताची. नाशकात ती मिळायला अडचण नाही. लेयर फार्मवरच्या पांढऱ्या कोंबड्या दीड वर्षाच्या झाल्या की विकायला काढतात. अंडी कमी झालेली असली तरी पैदाशीला दोन-तीन कोंबड्या पुष्कळ झाल्या. पण थेट आवारात सोडू नका. तीन-चार आठवडे लांब, वेगळ्या भांड्यात दाणापाणी, आणि आधी आपल्या कोंबड्यांचं आवरून मग त्यांच्याकडे जायचं, उलट नाही. २००६ मध्ये देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ आपल्याच शेजारी नवापूरला निघाली होती. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना नव्या पक्ष्याला वेगळं ठेवायला सांगावं लागत नाही.

लेगहॉर्नच्या लेकींची पहिली अंडी हाती आली की कदाचित हिरमुसाल. निळ्यात किंचित हिरवट झाक राहील. कारण निळा रंग एका जनुकाचा खेळ आहे, तपकिरी मात्र अनेक जनुकं मिळून ठरवतात, आणि तुमच्या कोंबड्यात बापाकडून आलेलं तपकिरी थोडंफार दडलेलं असणार. ते एका पिढीत धुऊन निघत नाही. दरवर्षी सगळ्यात निळं अंडं देणारी पोर ठेवायची, पुन्हा पांढऱ्या घराण्यात न्यायची. मला तीन पिढ्या लागल्या. गडद ऑलिव्हचंही तसंच, उलट्या बाजूने. त्यासाठी चॉकलेटी अंडं देणाऱ्या मारान्स किंवा वेल्समरसारख्या जाती लागतात. त्या इथं नावाला मिळतात, नावासारख्या क्वचित. त्यापेक्षा तुमच्या चार आर.आय.आर.मधली सगळ्यात गडद अंडं देणारी ओळखा आणि तिच्याच लेकी पुढे न्या.

त्या हिरवीला तिच्याच वाटाणी भावाखाली ठेवायचं का? एकदा ठेवा. दोघंही एकट धरले तर चारातली तीन पिल्लं रंगीत आणि त्यातलं एक जोडाचं. जोडाचा कोंबडा तुम्हाला इथूनच मिळणार आहे, दुसरीकडून नाही. एकाच पिढीपुरतं भावाबहिणीचं चालून जातं, पुढच्या पिढीत मात्र बाहेरचं रक्त हवंच. नाहीतर अंडी फळत नाहीत, पिल्लं कवचात मरतात.

जोडाचा कोंबडा ओळखायचा कसा, तर सासूबाईंच्या पद्धतीने, फक्त बहिणींऐवजी लेकी बघून. त्याला साध्या कोंबड्यांशी लावा, आर.आय.आर. चालतील. लेकी अंड्यावर येऊ द्या. एकीने जरी आतून पांढरं अंडं दिलं तरी तो एकट, निकाल लागला. ओळीने पाच लेकी रंगीत निघाल्या तर तो एकट असूनही तसं घडायची शक्यता बत्तिसात एक. सात निघाल्या तर एकशे अठ्ठावीसात एक. मी सातावर थांबते. असा कोंबडा हाती लागला की त्याच्या सगळ्याच लेकी रंगीत, मग तुरा बघायचीही गरज नाही. माझ्याकडे आत्ता जो आहे त्याला मी कुणी दहा हजार दिले तरी देणार नाही. दिसायला तो अगदीच भिकार आहे, शेपूट वाकडी.

कडकनाथ. काळं अंडं हा प्रकार नाही, दादा. कडकनाथचं मांस, कातडी, हाडांवरचं आवरण काळं असतं, अंडं मात्र फिकट बदामी, जवळजवळ मलई रंगाचं. काळेपणाचं जनुक आणि कवचाचा रंग यांचा काही संबंध नाही. कोणी काळी अंडी दाखवून विकत असेल तर घेऊ नका. तुमचा निळा कोंबडा कडकनाथ कोंबडीला लावला तर रंगीत लेकींची अंडी फिकट हिरवट-निळी येतील, छान दिसतात. पण कडकनाथ वर्षाला ऐंशी-नव्वदच्या आसपास अंडी देणारी, तिच्या लेकीही अंड्याला हात आखडता घेणाऱ्या. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमचा तिघांचा संच शुद्ध असेल तर त्याला शुद्धच ठेवा, पिल्लांना गिऱ्हाईक आहे.

जाता जाता कडकनाथचा एक उपयोग सांगते. कडकनाथ कोंबडा आर.आय.आर. कोंबडीला लावला तर निघालेल्या पिल्लांत माद्यांची कातडी-पाय काळपट असतात आणि नरांचे उजळ. पहिल्या दिवशीच नर-मादी वेगळे करता येतात. उलट लावलं, म्हणजे आर.आय.आर. कोंबडा आणि कडकनाथ कोंबडी, तर ही सोय मिळत नाही. रंगीत अंड्याशी याचा संबंध नाही.

हे सगळं ज्या एका गोष्टीवर मोडतं ती तुमच्याच प्रश्नात आहे: "सगळे एकाच आवारात असतात." मी एक अख्खं वर्ष यात घालवलं आहे. गावठी कोंबड्याखालच्या सहा कोंबड्या उचलून निळ्या कोंबड्याच्या जाळीत टाकल्या आणि मोठ्या हौसेने पाचव्या दिवसापासून अंडी जमवायला लागले. वहीत तारीखवार लिहिलं, बापाच्या रकान्यात निळ्याचं नाव. पिल्लं मोठी झाली तर निम्म्यांची मान उघडी! आमचा गावठी कोंबडा उघड्या मानेचा होता. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन आठवडे सहज टिकतं, कधी तीनही. म्हणून जुना कोंबडा काढल्यावर किमान तीन आठवडे निघालेली अंडी खायला किंवा विकायला, मशीनला नाही. आणि जाळी सहा फुटांची हवी किंवा वरून झाकलेली. तीन-चार फुटांची जाळी कोंबड्याला अडवते असं फक्त माणसांना वाटतं.

कोणतं अंडं कोणीचं हे ओळखायला पिंजरे घ्यायची गरज नाही. केकला वापरतात तो खायचा जेलचा रंग आणा. रात्री कोंबडी दांडीवर शांत बसलेली असताना तिला काखेत घ्या आणि अंडं निघतं त्या जागी बोटभर रंग लावा, एकीला लाल, एकीला जांभळा. सकाळी अंड्यावर त्या रंगाचा ओरखडा उमटलेला असतो. पहिल्यांदा केलं तेव्हा आमच्या धाकट्याने विचारलं होतं, "आई, कोंबडीला कुंकू का लावतेस, आणि तेही तिथं?"

पिल्लांच्या पायात रंगीत प्लॅस्टिकच्या कड्या घाला, जुनी ऊन किंवा नायलॉनचा दोरा नको. मी दोरा बांधला होता, पाय वाढला, दोरा आत रुतला, तलंग लंगडी झाली. कडीसुद्धा दर पंधरा दिवसांनी बघायची.

वेळेचं म्हणाल तर तुम्ही अगदी बरोबर वेळेला विचारलंत. आखाड चालू आहे. आजच जाळ्या वेगळ्या केल्या तर तीन आठवडे उलटेपर्यंत श्रावण लागतो. श्रावणात अंड्याला गिऱ्हाईक नसतं, तेव्हा अंडी रवणीला, म्हणजे उबवायला, घालायला हात अडखळत नाही. आमचा ठरलेला पाढा असा: पोळ्याला रवण घालायची, एकवीस दिवसांनी पितृपक्षात पिल्लं निघतात, दिवाळीपर्यंत ती पाच आठवड्यांची होऊन पिसं धरतात, आणि शिमग्याला पहिलं अंडं. दिवाळीनंतरची थंडी, विशेषतः निफाड-दिंडोरीकडची, उघड्या अंगाच्या पिल्लाला झेपत नाही. आणि मार्च-एप्रिलमध्ये अंडी घातली तर उन्हाने निम्मी बिघडतात. पोळ्याच्या सुमारास ओल असते हे खरं, म्हणून खाली भाताचं तूस कोरडं ठेवायचं. ओल्या तुसात रक्ती हगवण आलीच म्हणून समजा.

रवणीची अंडी सात दिवसांच्या आतली, टोकाची बाजू खाली, फ्रिजमध्ये ठेवलेली नकोत. ओल्या वाळूवर मडकं ठेवून त्यात ठेवली तरी उत्तम राहतात. मशीनमध्ये साडेसदतीस अंश, आर्द्रता पहिले अठरा दिवस पन्नास-पंचावन्न टक्के, शेवटचे तीन दिवस पासष्टच्या वर आणि अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत. गावठी खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी, मिळाली तर मशीनचं नावही काढू नका, तिला दहा-बारा अंडी द्या. निळी-हिरवी अंडी बॅटरीवर धरून आत बघताना एक अडचण येते, सातव्या दिवशी धड काही दिसत नाही. दहाव्या दिवशी, अंधाऱ्या खोलीत, जोरदार बॅटरीने बघा. सातव्या दिवशी घाईने फेकलेल्या अंड्यात माझ्या हाताने जिवंत पिल्लं गेली आहेत.

लशी चुकवू नका. पहिल्या आठवड्यात मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा, दुसऱ्यात गंबोरोची, पुढे देवीची आणि मानमोडीची मोठी. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या. आणि मानमोडीसारखं काही येऊन गेलं, किंवा नुसता मे महिन्याचा उकाडा झाला, तरी तपकिरी हात पातळ पडतो, हिरवं अंडं एकदम फिकट दिसायला लागतं. घाबरून कोंबडी बदलू नका.

खाण्याने कवचाचा रंग बदलतो का, हेही तुमच्या मनात येणारच, सगळ्यांच्या येतं. नाही बदलत. झेंडूच्या पाकळ्या, लसूण घास, मेथीचा पाला घातला तर बलक केशरी होतो, कवच तसंच. मात्र द्राक्षबागेतला विरळणीचा पाला फुकट मिळतो म्हणून कोंबड्यांना टाकू नका, त्यावर फवारणीचं औषध असतं.

विकताना निळ्या अंड्यात जास्त ताकद असते असं सांगू नका. आत सगळं तेच आहे. सहा रंगांची सहा अंडी एका खोक्यात ठेवली की गंगापूर रोडच्या सोसायट्यांमधली लहान मुलंच आयांकडे हट्ट धरतात, तेवढं पुरतं. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून विकणारे आहेतच, त्यामुळे गिऱ्हाईक ओल्या बोटाने घासून बघतं. ताज्या खऱ्या तपकिरी अंड्याचाही रंग घासल्यावर थोडा सुटतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर उगाच वाद. हिरव्याबद्दल शंका घेतली तर एक अंडं तिथंच फोडा आणि आतला निळा दाखवा. चहाने तो येत नाही.

तर आज संध्याकाळी चारही कोंबडे एकेक करून उजेडात धरा, तुऱ्यांचे फोटो काढा आणि तिघी बहिणींच्या तुऱ्यांशी ताडून बघा. कानाजवळ ताठ पिसांचे झुपके असतील तर तेही कळवा. अराउकानाच्या त्या झुपक्यांचं जनुक दोन्हीकडून आलं की पिल्लू कवचातच मरतं, मग भावाबहिणीचा बेत बदलावा लागेल. आणि उभ्या तुऱ्याचे कोंबडे खुशाल आखाडीला काढा. वाटाणीवाला एकच निघाला तर मात्र गटारी होईपर्यंत त्याला पाहुण्यांच्या नजरेआड ठेवा. माझा पहिला निळा कोंबडा दिरांच्या मित्रांनी रश्शात घातला होता, आणि तो कुठला होता हे त्यांना जेवण झाल्यावर कळलं.